निरीक्षणशक्ती शून्य

रिपोर्ट आईने माझ्याकडे दिला, कारण घरात सगळ्यात जास्त शिकलेली मीच. आठवी. तीही अर्धी.

"वाच," आई म्हणाली. "आणि गाळू नकोस काही."

मला वाचायला वेळ लागतो. अक्षरं माझ्यासमोर रांगेत उभी राहत नाहीत, बस आल्यासारखी एकमेकांना ढकलतात. पण रिपोर्ट चार पानांचाच होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. तापलं की मी जरा बरी वाचते.

माझ्या भावाबद्दल होता तो रिपोर्ट. वय नऊ. घरात त्याला 'पाना' म्हणतात, कारण हातात येईल ती वस्तू तो खोलतो. बोल्टवाला पाना, वहीचा नाही. वहीशी त्याचं जमत नाही, त्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं. शाळेच्या बाईंनी सांगितलं की हा 'घर'चं 'धर' लिहितो, फळ्यावरचं उतरवायला तास लावतो, याला बाल मेंदू विकास केंद्रात दाखवा. नावातच मेंदू आणि विकास दोन्ही, म्हणजे आमच्याकडे दोन्ही नाहीत हे दारातच कळतं.

मी वाचत गेले. "बालक चंचल आहे. साहित्य विनाकारण हाताळतो. सूचनेला विरोध करतो." आणि मग खाली, जाड अक्षरात: "निरीक्षणशक्ती: सहापैकी शून्य."

"शून्य?" आई म्हणाली. "नीट बघ, सहा असेल. तू उलटंसुलटं वाचतेस."

"शून्य उलटं केलं तरी शून्यच राहतं, आई."

शेवटच्या पानावर सगळ्या गुणांवरून काढलेला एक आकडा आणि एक रेघ. पानाचा आकडा रेघेच्या चार खाली. रेघेच्या वर असता, तर त्याला लिहिण्यावाचण्यापुरती अडचण आहे, डोकं ठीक आहे असा कागद मिळाला असता. मग त्याच शाळेत, त्याच वर्गात, परीक्षेला जास्त वेळ आणि प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस. रेघेच्या खाली म्हणजे डोकंच कमी. वेगळी शाळा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मुलांना पाकिटं चिकटवायला शिकवतात. शाळेने संमतीचा फॉर्म सोबत पाठवलाच होता. सोमवारपर्यंत सही करून द्यायचा. आज शुक्रवार.

आईने फॉर्मची घडी घातली, उलगडली, परत घातली. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करते, दिवसाला शेकड्यांनी. तिचे हात रिकामे राहिले की त्यांना काय करायचं ते कळत नाही.

"मोठ्या लोकांनी तपासलंय," ती म्हणाली. "त्यांना कळत असेलच ना काहीतरी."

मला कुणी तपासलं नव्हतं. माझ्या वेळेला केंद्रबिंद्र काही नव्हतं, मला फुकटात मठ्ठ ठरवलं. पानाला निदान चार पानांत ठरवलं होतं.

*

तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेले होते. केंद्राच्या मॅडमच्या टेबलावर एक प्लास्टिकचा मेंदू होता. रंगीत तुकड्यांचा, सुटा होणारा, आणि मधोमध त्याला एक रबरबँड लावलेला. मॅडम फार गोड बोलत होत्या. गोड बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते, इंजेक्शनच्या आधी सगळे गोडच बोलतात.

"हे बघा आई," मॅडम आईला सांगत होत्या. त्या सगळ्या आयांना 'आई'च म्हणतात, नावं लक्षात ठेवायला नकोत. "वाचताना मेंदूचा हा मागचा भाग अक्षराचा आकार बघतो, हा बाजूचा त्याचा आवाज लावतो. काही मुलांच्यात या दोघांच्या मधला रस्ता जरा अरुंद असतो. गाडी जाते, पण हळू जाते. त्यात मुलाचा दोष नसतो, आळस तर अजिबात नसतो."

खरं सांगते, हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. आठ वर्षं मी आळशी होते आणि इथं ही बाई प्लास्टिकच्या तुकड्यावर बोट ठेवून सांगत होती की रस्ता अरुंद आहे. म्हणजे मॅडमना ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं ठाऊक होतं. तिथंच तर गंमत आहे.

त्या बोलेपर्यंत पानाने मेंदू खोलला होता. पाची तुकडे टेबलावर.

"अरे अरे अरे, हात नाही लावायचा!"

"हा तुकडा उलटा बसवलेला," पाना म्हणाला. "म्हणून रबर लागतंय." त्याने तुकडा फिरवून बसवला, वर दुसरा दाबला, टक्कन आवाज आला. मेंदू बंद. रबरबँड त्याने मॅडमच्या हातात दिला. "हे उरलं."

मॅडमनी रबरबँडकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते आत्ता रिपोर्टमध्ये कळलं: साहित्य विनाकारण हाताळतो.

मग त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

*

"पाना, इकडे ये," मी म्हटलं. तो मोरीत नळाचं तोंड खोलत होता. "तुला शून्य कशात मिळालं? काय होतं त्या कागदावर?"

"शब्द होते. एका ओळीत चार. मॅडम म्हणाल्या, यातला वेगळा कुठला, बोट ठेव."

"मग ठेवायचं ना बोट!"

"वेगळा नव्हताच."

"म्हणजे?"

"ताई, सगळे सारखेच होते. घागर घागर घागर घागर. मी सांगितलं सारखेच आहेत. त्या म्हणाल्या, नीट बघ. मी नीट बघितलं. सारखेच. मग पुढची ओळ. ती पण सारखी. मी सहा वेळा सांगितलं." तो माझ्यावर चिडला. "तू पण म्हण आता, नीट बघ."

मी म्हणणारच होते. पण घागर ऐकलं आणि माझ्या पाठीला एकदम काहीतरी टोचल्यासारखं झालं. पाठीलाच. कारण माझ्या पाठीमागे वर्षभर एक घागर लटकत होती.

ते नीट सांगते. मी टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात टाइप करते. अक्षरं न जमणारी मुलगी टायपिंगला, म्हणजे पोहता न येणाऱ्याने होडी चालवण्यासारखं. पण मी वाचून टाइप करतच नाही. मी आकार बघते आणि तसाच आकार उमटवते. शेपूट असेल तर शेपूट, गाठ असेल तर गाठ. हळू होतं, पण होतं.

आणि माझं टाइप केलेलं तपासायला दुकानात कोण बसतं? वेलांटीसर. शाळेत मला भाषा शिकवायचे तेच. 'ध' आणि 'घ' वरून मला तासभर बाकावर उभं करायचे तेच. ज्यांच्या दिशेने मी आठवीत डस्टर फेकलं आणि परत शाळेत गेले नाही तेच. मी दुकानात लागले आणि वर्षाने हे निवृत्त होऊन त्याच दुकानात मुद्रितशोधक म्हणून आले. जागा सुटतात, माणसं सुटत नाहीत.

सरांच्या हातात लाल पेन असतं. चूक दिसली की गोल. पत्रिकेवर, बिलावर, औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा. एकदा ते कुणाच्या तरी शोकसभेला गेले आणि तिथल्या फलकावरचा ऱ्हस्व उकार दीर्घ करून आले. आणि माझी जी पानं फारच चुकतात ती ते माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर टाचणीने लावतात. चुकांची भिंत. मला शिस्त लागावी म्हणून. गिऱ्हाईकं झेरॉक्स होईपर्यंत तीच वाचत बसतात.

त्या भिंतीवर सगळ्यात वर, गेल्या वर्षापासून, एक पान होतं. सहा ओळी, सहा गोल. पहिल्याच ओळीत घागर.

*

शनिवारी सकाळी दुकान उघडताच मी खुर्चीवर चढले आणि ते पान काढलं. मागे मूळ प्रत टाचलेली होती, झेरॉक्सची झेरॉक्स, पुसट. वर कोपऱ्यात केंद्राचा शिक्का आणि 'पत्रक क'. बाकी काही नाही. काय करायचं ते मॅडमच्या पुस्तकात लिहिलेलं असणार, मुलांच्या कागदावर नाही.

मूळ प्रतीवर होतं: घागर, घागर, धागर, घागर. खाली: मासा, भासा, मासा, मासा. थवा, थवा, थवा, यवा. पतंग, पंतग, पतंग, पतंग. अशा सहा.

मी अगदी तसंच टाइप केलं होतं. आकार बघून, एक टिंब इकडचं तिकडे न करता. आयुष्यात एक पान मी शंभर टक्के बरोबर टाइप केलं होतं, आणि त्यावर सहा लाल गोल.

मला सगळं आठवलं. "पोरी, एका पानात सहा चुका? धागर? धागर काय असतं गं? तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का?" मी म्हणाले होते, मूळ प्रतीत तसंच आहे. ते म्हणाले होते, "मूळ प्रत चुकीची असली म्हणून आपण चूक करायची?" आणि माझ्याकडून सहाच्या सहा शब्द शुद्ध करून घेतले. केंद्राला शंभर प्रती गेल्या.

मी संगणकातून ते शुद्ध पान छापलं आणि वाट बघत बसले. दहाला सर आले. छत्री कोपऱ्यात, चष्मा कपाळावरून नाकावर, पेन खिशातून हातात.

"सर, एक कोडं सोडवा. प्रत्येक ओळीतला वेगळा शब्द ओळखा."

"सकाळी सकाळी काय पोरखेळ लावलायस?" पण कागद समोर आला की सरांना राहवत नाही. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग पेनाच्या टोकाने एकेका अक्षरावरून गेले.

"सगळे सारखेच आहेत."

"नीट बघा."

"अगं, नीटच बघतोय! चाळीस वर्षं हेच केलंय. एकही वेगळा नाही. कोडंच चुकीचं आहे."

मी त्यांच्याच लाल पेनाने कागदावर लिहिलं: ०/६. आणि खाली, मला जमेल तसं: निरीक्षणशक्ती शून्य.

"काय फाजीलपणा आहे हा?"

"हा माझा फाजीलपणा नाही. हा माझ्या भावाचा रिपोर्ट आहे." आणि मी भिंतीवरचं पान त्यांच्यापुढे आपटलं.

सर बराच वेळ दोन्ही पानं बघत होते. त्यांना समजायला किती वेळ लागावा! "पण पंतग हे अशुद्धच आहे," ते म्हणाले. "अनुस्वार चुकलाय."

"मुद्दाम चुकवलाय, सर. मुलांनी शोधायला."

"मुद्दाम?" त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. कुणी सांगितलं असतं की लोक मुद्दाम भात करपवतात, तर असाच चेहरा झाला असता. "मुद्दाम अशुद्ध कोण लिहितं गं?"

"ज्यांना बघायचं असतं की मूल बघतंय का, ते."

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं इथं सांगत नाही, झेरॉक्सला आलेले एक गृहस्थ कागद न घेताच गेले. एवढं म्हणाले ते आठवतंय: "मला मठ्ठ ठरवलंत ते ठरवलंत. तो तर बरोबर सांगत होता. तुम्ही कागद शुद्ध करून त्याला वेडा ठरवलंत."

सरांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता. "केंद्र शनिवारी किती वाजेपर्यंत असतं?" त्यांनी विचारलं.

*

मॅडमना आम्ही असं बिनवेळेचं आलेलं आवडलं नाही. आई, पाना, मी, आणि छत्री घेतलेला एक म्हातारा. बसायला खुर्च्या दोन. टेबलावरच्या मेंदूला परत रबरबँड लावलेला होता.

"रिपोर्ट फायनल झालाय, आई. मी समजू शकते, स्वीकारायला वेळ लागतो. पहिल्यांदा सगळेच आईवडील शाळेला दोष देतात, चाचणीला दोष देतात—"

"मॅडम, एकच ओळ," मी म्हटलं आणि टेबलावरच्या त्यांच्याच छापील गठ्ठ्यातलं एक पान त्यांच्यापुढे सरकवलं. "वेगळा कुठला?"

"तिसरा," मॅडम म्हणाल्या. बघितलंसुद्धा नाही.

"बघून सांगा ना."

त्यांनी हसून कागदाकडे नजर टाकली आणि तिसऱ्या घागरीवर बोट ठेवलं. "हा बघ. धागर."

मी शप्पथ घेऊन सांगते, त्यांना तो तिथं दिसत होता. उत्तरपत्रिका पाठ असली की डोळ्यांना काही कामच राहत नाही. मेंदूच्या त्या मागच्या भागाने आकार बघायचा ना? तो सुट्टीवर गेलेला.

"पाना, तू सांग."

पाना आईच्या मागे गेला. त्याला आता कंटाळा आला होता खरं बोलण्याचा. "नको," तो म्हणाला. "परत शून्य देतील."

"बोल रे."

"सगळे सारखेच आहेत," तो आईच्या पदरात तोंड घालून म्हणाला.

"बघितलंत?" मॅडम आईला म्हणाल्या, अगदी गोड. "अजूनही तेच."

तेव्हा सर उभे राहिले. बसलेलेच नव्हते, पण उभे राहिल्यासारखे वाटले. वर्गात जो आवाज लावायचे तोच लावला, माझे कान आपोआप गरम झाले. "बाई, बोट उचला. खालचं अक्षर वाचा. शब्द वाचू नका, अक्षर वाचा."

मॅडमनी बोट उचललं.

"घ," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या ओळीवर गेल्या. मग तिसऱ्या. पेन्सिल घेऊन सहाव्या ओळीपर्यंत गेल्या तेव्हा त्यांचा गोडपणा पार उतरला होता आणि खालचा चेहरा खरं तर बराच बरा होता. घाबरलेला, पण माणसाचा.

"हे कुणी केलं?"

"मी," सर म्हणाले. "या मुलीने बरोबर टाइप केलं होतं. मी चुकवलं." आणि ते थांबले, जसं काही या वाक्याला पूर्णविराम कुठे द्यायचा ते त्यांना येत नव्हतं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

"केव्हापासून आहे हे पान?" मॅडमनी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"पण... बाकीच्या मुलांना तर गुण पडलेत. कुणाला दोन, कुणाला तीन..."

"पडणारच," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात एक वेगळा आहे, त्यांनी ठेवलं बोट कुठंतरी. मोठ्या माणसाने सांगितलं तर मुलं काहीही बघतात."

मॅडम उठून कपाटाकडे गेल्या. कपाट उघडलं, फायलींकडे बघितलं आणि परत बंद केलं. "याची चाचणी मी उद्याच परत घेते. मूळ पत्रकावर. सोमवारच्या आत. बाकीच्यांचं... तसा फार फरक पडला नसेल त्यांना."

आई पुढे आली. फॉर्म तिच्या हातात होता, घड्या पडून पडून मऊ झालेला.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडे एका गठ्ठ्यात एक काज चुकलं, तर अख्खा गठ्ठा उसवून परत बघतात. मग कुणाचं घरी जायचं राहिलं तरी चालतं. आणि ते नुसते शर्ट असतात."

मॅडमनी कपाट परत उघडलं. आम्ही निघालो तेव्हा त्या जमिनीवर बसून फायली काढत होत्या, आणि त्यांचा ढीग त्यांच्या गुडघ्याच्या वर गेला होता.

*

रविवारी पानाने परत चाचणी दिली. सहापैकी चार. पंतग त्याला सापडला नाही आणि थवाच्या ओळीत त्याने भलत्यावरच बोट ठेवलं. आई जरा खट्टू झाली. मी तर नाचायचीच बाकी होते. त्या दोन चुका त्याच्या स्वतःच्या होत्या, खऱ्याखुऱ्या, कुणी त्याच्या नावावर घातलेल्या नाहीत. रस्ता अरुंद आहे, तो आहेच. पण रस्ता आहे.

सोमवारी सकाळी नवा रिपोर्ट मिळाला, रेघेच्या तीन वर. आईने संमतीच्या फॉर्मवर सही केली नाही, त्याच्या मागच्या बाजूला कारखान्याच्या सामानाची यादी केली. पाना त्याच शाळेत गेला आणि म्हणे मधल्या सुट्टीत त्याने बाईंच्या खुर्चीचं चाक दुरुस्त केलं. न विचारता. त्याबद्दल परत चिठ्ठी आली आहे, पण ती चिठ्ठी मी वाचून दाखवताना दोन ओळी गाळल्या.

शाळेत द्यायच्या आधी रिपोर्टची झेरॉक्स काढायला मी दुकानात थांबले होते. सर काच पुसल्यासारखं करत माझ्यामागे येऊन उभे राहिले. चुकांच्या भिंतीवर आता एकच पान आहे, ०/६ वालं, आणि ते मी त्यांच्या खुर्चीसमोर लावलंय. त्यांनी काढलेलं नाही.

"दाखव बघू," ते म्हणाले.

त्यांनी रिपोर्ट वाचला. दुसऱ्या पानावर मॅडमनी, बहुतेक घाईत, लिहिलं होतं: "बालकाचे घ्यान चांगले आहे."

सरांचा हात खिशाकडे गेला. लाल पेनाचं टोपण निघालं. पेन कागदापासून बोटभर वर येऊन थांबलं, आणि कपाळावर घाम आला त्यांच्या, खरंच आला.

"पोरी," ते म्हणाले, "हे मुद्दाम असेल का गं?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "फोन लावून विचारा."

आणि त्यांनी लावला.